पगाराचं खळं

मुरारीला पगाराचा दिवस फार आवडायचा, आणि त्याच्या बायकोला, भागूबाईला, त्याच दिवसाची धास्ती असायची. एका छपराखाली राहणाऱ्या दोघांचं एका दिवसाबद्दल इतकं टोकाचं मत असावं हे काही बरं नव्हे, पण होतं खरं तसं.

पिंपरीच्या माळावर तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एकात मुरारी बाटल्या धुण्याच्या खात्यात होता. त्याचं गाव चाकणच्या पलीकडे, भामा नदीच्या काठी. जमीन थोडी, ती थोरला भाऊ कसायचा. रोज तिथून येणं शक्य नव्हतं, म्हणून त्यानं चिंचवडात, पवनेच्या घाटापासून जवळच, एक खोली आणि पुढचं अंगण भाड्यानं घेतलं होतं. दिवसभर त्याच्या पुढ्यातून ओल्या बाटल्या जायच्या. खिडकीतलं ऊन त्यांच्यात शिरायचं आणि एकीतून दुसरीत सरकत जायचं. ते बघता बघता मुरारी कुठल्या कुठे पोचायचा. मुकादमानं हाक मारावी तेव्हा हा भामेच्या पाण्यात पाय सोडून बसलेला असायचा. एवढं असून त्याच्या हातून बाटली मात्र कधी फुटली नाही, तेवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

महिन्याच्या सात तारखेला पगार व्हायचा. मुरारी घरी यायचा, पाय धुवायचा, अंगणात घोंगडी अंथरायचा आणि पैसे मांडीवर घेऊन बसायचा. मग माणसं यायला लागायची. किराणा दुकानाचे रंगराव यायचे. पुनावळ्याहून दूध घालणारी छबूबाई यायची. त्यांच्यामागून हिंदुराव यायचा. हिंदुराव त्याच्याच खात्यातला, मराठवाड्याकडचा, तोंडानं गोड. त्याचं मुरारीकडे काहीही येणं नव्हतं. बाकीचे येतात म्हणून तो यायचा, आणि "भावा, गावाकडं जरा अडचन हाय," म्हणून उभा राहायचा. मुरारी सगळ्यांना द्यायचा. कुणी जास्त मागितलं तर जास्त द्यायचा. दिवे लागायच्या आत मांडी रिकामी व्हायची आणि हा गृहस्थ तृप्त चेहऱ्यानं आभाळाकडे बघत बसायचा.

आता तुम्ही म्हणाल, हा वेडा होता की काय. वेडा नव्हता. त्याला त्या घोंगडीवर बसल्या बसल्या खळं दिसायचं.

लहानपणी पाहिलेलं गावचं खळं त्याच्या डोळ्यांतून कधी गेलंच नव्हतं. मधोमध रोवलेला खांब, मेढ, शेणानं सारवलेली गुळगुळीत जमीन, जोंधळ्याची पिवळीधमक रास, आणि राशीशेजारी डोक्याला मुंडासं बांधलेला बाप. नांगराचा फाळ करून देणारा यायचा, दोरखंड वळून देणारा यायचा, आणि ज्यानं काहीच केलेलं नाही असाही कुणी तरी कडेला येऊन उभा राहायचा. बाप प्रत्येकाला सुपानं घालायचा आणि म्हणायचा, "खळ्यावरनं कुनी रिकाम्या हातानं जायाचं न्हाई." ते वाक्य मुरारीच्या हाडात मुरलं होतं. पगार म्हणजे रास, अंगण म्हणजे खळं, आणि आपण म्हणजे मुंडासं बांधलेला बाप. दर सात तारखेला तो बाप व्हायचा. ह्या सुखापुढे त्याला दुसरं काही सुचायचं नाही.

फरक एवढाच, की गावचं खळं वर्षातून एकदा व्हायचं. इथे आठ तारखेपासून घरात पुन्हा उधारीचं पीठ, उधारीचं तेल आणि उधारीचं दूध. रंगरावांचं देणं महिन्यात एकदा उतरायचं आणि तीस दिवस चढायचं. तीन वर्षं हे असंच चाललं होतं. भागूबाई बोलून बोलून थकली आणि मग गप्प झाली. तिचं गप्प होणं मुरारीला समाधान वाटलं. नवरे असल्या बाबतीत फार हुशार असतात.

तिसऱ्या वर्षी दसऱ्याला हद्द झाली. पगार संपला होता आणि हिंदुरावाच्या धाकट्या भावाला गावी जायला गाडीभाडं हवं होतं. शिवाय रंगरावांनी वाणसामान बंद करू म्हणून दम दिलेला. घरात विकण्याजोगं, गहाण टाकण्याजोगं एकच भांडं होतं: भागूबाईचं घंगाळ. पितळेचं, दोन कड्यांचं, पोरगं आत बसून पाणी खेळेल एवढं. भागूबाईच्या आईनं ते तिला लग्नात दिलं होतं. काठावर आधी आईचं नाव कोरलेलं, 'तानी', आणि त्याखाली 'भागू'.

मुरारीनं विचारलं तेव्हा भागूबाई उठली. तिनं घंगाळ अंगणात नेलं, चिंच आणि राख घेऊन घासायला बसली. घासून घासून त्यात आपलं तोंड दिसायला लागलं तेव्हा तिनं ते पालथं घातलं, पदरानं पुसलं आणि म्हणाली, "लोकाच्या घरी जायाचं तर घान जाऊ नये. घिऊन जावा. पन आनाल न्हवं?"

"आनतो की," मुरारी म्हणाला. त्यानं ते मनापासून म्हटलं होतं. सगळंच तो मनापासून म्हणायचा.

बाजारात आबाजींचं भांड्यांचं दुकान होतं. त्यांनी घंगाळ तोलून पाहिलं, टिचकी मारून त्याचा नाद ऐकला आणि चाळीस रुपये दिले. "वैशाख सरंपातुर थांबतो," ते म्हणाले. "त्याच्या फुडं न्हाई. मोडीत घालीन, रागवायचं न्हाई." मोडीत गेलेलं भांडं भट्टीत वितळतं. मुरारीनं मान हलवली. वैशाख तेव्हा त्याला काशीइतका लांब वाटला होता.

पौषात एका सकाळी भागूबाईनं सांगितलं की तिला दिवस गेलेत आणि या खेपेला पाचवा लागलाय.

लग्नाला आठ वर्षं झाली होती. आधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्हीदा पदरात काही पडलं नव्हतं. म्हणून या वेळी पाचवा लागेपर्यंत तिनं नवऱ्यालासुद्धा कळू दिलं नाही. मुरारी उठून घाटावर गेला, तिथे धुक्यात पवना वाहते की उभी आहे ते कळत नव्हतं. तो तिच्याकडे बघत उभा राहिला आणि भोंगा झाला तसा भानावर येऊन पिंपरीकडे पळाला.

संध्याकाळी भागूबाई म्हणाली, "माझी आई त्याच घंगाळात न्हायली, मीबी त्यातच. आमच्यात त्यात न्हायल्यालं लेकरू जगतं, आसं आई म्हनायची. खरं का खोटं देवाला ठावं. पन मला ते पायजे."

एवढंच. मुरारी बोटांवर हिशेब करायला लागला. आबाजींना चाळीस रुपये आणि वर व्याज द्यायचं होतं. ते कुठून आणायचे? मागायला येणाऱ्यांची त्याला सवय होती, ठेवून घ्यायची नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी त्याला अंगणात डुलकी लागली. उन्हात घोंगडी तापली होती आणि पलीकडे कुणी तरी डाळ पाखडत होतं. त्या आवाजातच त्याला खळं दिसलं. बाप मुंडासं बांधून बसला होता. माणसं येत होती, पदर पसरत होती, टोपल्या पुढे करत होती. बाप हसत हसत घालत होता. रास कमी कमी होत गेली आणि शेवटी सारवलेली जमीन लागली. बापानं सूप झटकलं. तेवढ्यात मेढीच्या आडून एक उघडं पोर पुढे आलं आणि त्यानं हात पसरला. बापानं मुरारीकडे पाहिलं. मुरारीनं बापाकडे पाहिलं. ते पोर तसंच हात पसरून उभं राहिलं, ते काही मागतही नव्हतं आणि जातही नव्हतं.

मुरारी दचकून उठला तेव्हा त्याच्या गालांवर पाणी होतं. भागूबाईनं विचारलं तसं त्यानं सगळं स्वप्न सांगून टाकलं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमचा बा रास कवा मापायचा?" तिनं विचारलं.

"सकाळच्या पारी."

"आनि मापायच्या आदी काय करायचा?"

"आदी?" मुरारी गोंधळला. "ते न्हाई ठावं. मी घरात निजलेला आसायचो. मी खळ्यावर जायचो तवर मान्सं आलेली आसायची."

भागूबाई इतकी हसली, इतकी हसली, की तिला पोट धरावं लागलं. मुरारीला राग आला. पण तिच्या डोळ्यांत पाणी बघून तो निवळला.

"अवं, माझा बा चार गावच्या खळ्यांवर माप घालायचा," ती म्हणाली. "मी त्याच्यासंगं जायची. रास मापताना कुनी बोलायचं न्हाई. पायतान घालून कुनी आत यायचं न्हाई. पयल्या मापाला एक म्हनायचं न्हाई, लाभ म्हनायचं. आनि समद्यात आदी बी काढायचं. बियाचं पोतं शिवून घरात गेलं, की मंग बाकीच्यांचं. तुमच्या बानं काय तसंच वाटलं आसंल? तुमी उठायच्या आदी तुमच्या फुडच्या साली काय पेरायचं ते घरात पोचलेलं आसायचं. तुमी निस्तं वाटप बघितलं."

मुरारी घोंगडीच्या दशा ओढत बसला. तीस वर्षं उराशी धरलेलं चित्र अर्धंच होतं, हे कळायला माणसाला थोडा वेळ लागतो. मग त्यानं हळूच विचारलं, "मंग फुडल्या पगाराला कसं करायचं?"

"खळं करायचं," भागूबाई म्हणाली. "पन पुरं."

माघातल्या सात तारखेला रंगराव अंगणाच्या तोंडाशी आले आणि थबकले. अंगण गोलाकार सारवलं होतं. मधोमध काठी रोवली होती आणि तिला आंब्याचा डहाळा बांधला होता. काठीच्या बुंध्याशी सुपात सगळा पगार होता, नोटा मोडून आणलेल्या सुट्या रुपयांची छोटीशी रास, तिच्यावर हळदकुंकू. शेजारी डोक्यावरून पदर घेतलेली भागूबाई, आणि मुंडासं बांधलेला मुरारी, तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा.

रंगराव मूळचे चऱ्होलीचे, घरची शेती असलेले. त्यांनी काठीकडे पाहिलं, सुपाकडे पाहिलं आणि नकळत चपला काढल्या. छबूबाई आली, तिनं दुधाची कासंडी बाहेरच ठेवली. घंगाळाचं विचारायला आलेले आबाजी तर चाकणचेच, त्यांनी टोपी सारखी केली आणि हात बांधले. जन्मात खळं न पाहिलेला माणूस त्यात एकही नव्हता. रास मापायला लागल्यावर बोलायचं नसतं, हे त्यांना शिकवावं लागलं नाही.

"लाभ," भागूबाईनं हलकेच म्हटलं आणि पहिला रुपया उचलला. "दोन. तीन." बारापर्यंत मोजून तिनं ते एका फडक्यात बांधले आणि मुरारीच्या हातात दिले. मुरारी उठून घरात गेला आणि ते पुरचुंडीसकट फळीवर ठेवून आला. ते बी. मग तिनं महिन्याच्या पिठामिठाचे काढले, खोलीच्या भाड्याचे काढले. मग रंगरावांपुढे एक वाटा ठेवला, छबूबाईपुढे एक. वाटा बलुत्यासारखा ठरलेला होता, दर महिन्याला तेवढाच, ना कमी ना जास्त. रंगरावांना तो कमी वाटला. त्यांचं तोंड उघडलं, पण भागूबाई अजून मोजत होती. ते मिटलं. आबाजींना तिनं हातानंच खूण केली: घरातलं बी पुरं झालं की घंगाळाचे एकदम.

शेवटी हिंदुराव उरला. त्यालाही बोलता येईना. तो पायानं माती उकरत उभा राहिला. भागूबाईनं घरातून जोंधळे आणले आणि त्याच्या टोपीत ओंजळभर घातले. खळ्यावरून कुणी रिकाम्या हातानं जायचं नाही, तर नाही.

हिंदुरावाचा चेहरा पडला. मुरारीचा जीव तुटला. त्याचा हात दोनदा पिठामिठाच्या पैशांकडे जायला निघाला आणि दोनदा त्यानं तो मांडीखाली दाबून धरला. आपल्यामुळे कुणी तरी खाली मान घालून चाललंय, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा सहन करावं लागलं, आणि ते सोपं नव्हतं. हिंदुराव पुढे पंधरा दिवस त्याच्याशी बोलला नाही. मग एक दिवस बाटल्यांपाशी उभा राहून म्हणाला, "भावा, त्ये सारवायचं कसं रं? निस्तं शेन का मातीबी लागतीया?" आणि मुरारीनं सुखानं सांगितलं.

फाल्गुन गेला, चैत्र गेला. अंगण दर महिन्याला सारवलं गेलं. दूध निम्मं झालं, चहा गुळाचा झाला, मुरारीची विडी सुटली. छबूबाईचं देणं फिटलं, तेव्हा ती आपण होऊन रास मापताना येऊन बसली, बघायला. रंगरावांकडचा आकडा खाली उतरायला लागला, तसे तेही मऊ बोलायला लागले. फळीवरची पुरचुंडी जड होत गेली. मुरारी कामावर बाटल्या पाहायचा, तेव्हा आता त्याला त्यांच्यात घंगाळ दिसायचं, आणि घंगाळात हातपाय मारणारं काही तरी. ते मुलगा होतं की मुलगी, हे उन्हामुळे कळायचं नाही.

वैशाखातल्या पगाराला बी पुरं झालं, व्याजासकट. भागूबाईला नववा सरत आला होता. तिला खाली बसवेना, म्हणून ती उंबऱ्यावर बसली आणि मुरारीनं पहिल्यांदाच स्वतः माप घातलं. आबाजींपुढे त्यानं सगळी पुरचुंडी सोडली. आबाजी काही तरी सांगायला बघत होते. त्यांनी खाकरून पाहिलं, डोळे मिचकावले, टोपी काढून पुन्हा घातली. पण माप चालू होतं. ते संपलं, मुरारीनं राशीला हात जोडले, तेव्हा कुठे आबाजींना तोंड फुटलं.

"घंगाळ मोशीला गेलंय," ते म्हणाले.

गहाण पडलेली भांडी आबाजी लग्नाकार्याला भाड्यानं द्यायचे. मोशीत एक लग्न होतं, हळद आज, अक्षता उद्या सांजच्या. "परवा सकाळी आनून देतो. घरपोच. लग्नघरातनं भांडं कसं काढू, तूच सांग."

"असू द्या," मुरारी म्हणाला. सवयच ती. आबाजी सुटकेचा श्वास टाकून गेले. भागूबाई उंबऱ्यावरून नवऱ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. उजाडता उजाडता भागूबाईच्या पोटात कळा सुरू झाल्या. शेजारची सुईण सुभद्राबाई आली, तिनं हात लावून पाहिलं आणि म्हणाली, "सांज करती ही. पानी तापवायची घाई न्हाई." मुरारी दारात घुटमळला. भागूबाईनं ओठ दाताखाली धरले होते. तिनं त्याच्याकडे पाहिलं, पण घंगाळाचं नाव काढलं नाही. ते न काढणं त्याला बोचलं. तो निघाला.

चिंचवडहून भोसरी आणि भोसरीहून मोशी. वैशाखातली सकाळ, वाटेच्या दोन्ही अंगांना नांगरून टाकलेली रानं, दूर एकटीदुकटी बाभळ. अजून ऊन चढलं नव्हतं. मुरारीला चालताना असं वाटत होतं की आपण लहान आहोत, घरातून लवकर उठलोय आणि खळ्याकडे निघालोय. माणसं यायच्या आत. धुळीत पाय पडायचा आवाजही येत नव्हता.

मोशीत मांडव सापडायला वेळ लागला नाही. इंद्रायणीकडून वारा येत होता आणि मांडवाचं कापड भरून येत होतं. नवरीचं न्हाण नुकतंच आटोपलं होतं. मांडवाच्या मधोमध पाटाशेजारी घंगाळ होतं. हळदीच्या पाण्यानं अर्धं भरलेलं, काठाला सुपारी-पानांची माळ बांधलेली. पाण्यावरची तिरीप वर मांडवाच्या कापडावर हलत होती. कुणी तरी मुरारीला वऱ्हाडी समजून बसवलं आणि पुढ्यात पत्रावळ टाकली. लापशी वाढली. तो खाऊ लागला. त्याची नजर वर हलणाऱ्या त्या उजेडाकडे लागली आणि दुपार होईपर्यंत त्याचं भान गेलं. त्या उजेडात त्याला पवनेचा घाट दिसला, बाटल्या दिसल्या, बापाचं मुंडासं दिसलं. मग मेढीच्या आडून ते उघडं पोर पुन्हा बाहेर आलं आणि त्यानं हात पसरला.

मुरारी ताडकन उठला. "त्ये घंगाळ माजं हाय," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "मला आत्ता पायजे."

मांडवातल्या माना त्याच्याकडे वळल्या. 'पायजे' हा शब्द त्यानं उभ्या जन्मात कुणाला म्हटला नव्हता. पण तो उभाच राहिला.

नवरीची आजी, अंबुबाई, काठी टेकत पुढे आली. "तुजं? ह्याच्यावर तर भागू लिवलंय म्हनं. सकाळधरनं आमी बाया इचारतोय, ही भागू कोन, येवढं चांगलं भांडं हिनं भाड्यानं का सोडलं?"

"माजी बायको. भाड्यानं न्हाई, गहान टाकलं हुतं. काल सोडवलं." मुरारी एक पाऊल पुढे आला. "आज तिची येळ आलीया, बाई. लेकराला त्यात घालायचंय."

अंबुबाईनं कपाळावर हात मारला. "अरं मुडद्या, मंग लापशी कसली खात बसलास!"

मग मांडवात एकच धांदल उडाली. हळदीचं पाणी केळीच्या बुंध्याशी ओतलं. कुणी घंगाळ विसळलं, कुणी चुंबळ करून दिली. मुरारी उचलायला वाकला, तशी अंबुबाईनं काठी आडवी घातली.

"थांब. रिकामं न्यायाचं न्हाई."

तिनं आत हाक दिली. सुपातून जोंधळे आले आणि घंगाळात पडले, त्यांचा खळखळाट पितळेत घुमला. त्यावर गुळाची ढेप आली, खोबऱ्याची वाटी आली, हळकुंडं आली. बाळंतिणीला म्हणून कुणी डिंक घातला, कुणी बाळंतशेपा. नवरी हळदीच्या अंगानं उठली आणि तिनं चिमटीतून एक नवा पैसा टाकला. ही नाणी नुकतीच निघाली होती, टिकलीएवढी, चकचकीत. "बाळाला," ती म्हणाली आणि लाजली.

"आमच्या दारातनं कुनी रिकाम्या हातानं जात न्हाई," अंबुबाई म्हणाली. "जा आता. पळ."

मुरारीला रडू कोसळलं. तीन वर्षं त्यानं सुपानं घातलं होतं, पण कडेला उभं राहून घेणाऱ्याला कसं वाटतं, हे त्याला कधीच कळलं नव्हतं. ते त्याला आज मोशीच्या मांडवात, अनोळखी माणसांपुढे, कळलं. त्यानं म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं आणि घंगाळ उचललं.

परतीची वाट उन्हाची होती. डोक्यावरचं ओझं मानेत उतरत होतं आणि पावलागणिक जोंधळे आत सळसळत होते. तो कुठे थांबला नाही. भोसरीत एकानं पाणी पाजलं, तेही त्यानं उभ्यानंच घेतलं. चिंचवडात शिरला तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या, आणि त्याच्या गल्लीच्या तोंडाशी हिंदुराव उभा होता. तो काही न मागता पुढे झाला आणि घंगाळाचं एक कडं त्यानं धरलं.

अंगणात पाय ठेवतो तोच आतून रडण्याचा आवाज आला. बारीक, चिडका, खणखणीत. सुभद्राबाई दारात आली. "पोरगी हाय," ती म्हणाली. "दोगीबी धड हायेत. आनलं का?"

त्यानं घंगाळ खाली ठेवलं. जोंधळे, गूळ, खोबरं, सगळं सुभद्राबाईनं सुपात काढून घेतलं आणि घंगाळ आत नेलं. आत ऊन पाणी ओतल्याचा आवाज झाला. मग भागूबाईचा आवाज आला, थकलेला, पण ओळखीचा: "मावशे, आदी त्यातलं वंजळभर जोंधळं फडक्यात बांदून फळीवर ठिवा. आनि कुनाला हात लावू दिऊ नगा. ते बी हाय."

"ठिवते गं बाई," सुभद्राबाई म्हणाली. "पड तू गप."

मुरारी अंगणात उभा होता. कालचं सारवण अजून ताजं होतं, मधली काठी तशीच होती, डहाळा उन्हानं सुकला होता. आत सुभद्राबाईनं पहिला तांब्या भरून पोरीच्या अंगावर ओतला. पोर किंचाळली. पितळेत पाणी वाजलं.

"लाभ," भागूबाई म्हणाली.

"दोन," सुभद्राबाईनं दुसरा ओतला. तीही खेड्यातलीच होती, तिला काही विचारावं लागलं नाही.

मुरारीनं पायताण काढलं आणि तो खळ्याच्या कडेला बसला. माप पुरं होईपर्यंत तो एक शब्दही बोलला नाही.